चौदा दिवसांच्या पानावर उरलेली ओळ

फाल्गुन शुद्ध द्वितीया, शुक्रवार. उत्तममामाची तेरवी. जागा: मामाचं अंगण आणि समोरचा मारुतीचा पार.

हजर: मामी. गजानन, तुझा मुलगा, रिसोडहून, बायकोसह. किसनआबा, सगळ्यांच्या आधी, काठी टेकत. त्यांची नातसून वैशाली. आमच्या घरचे, हाताला हळदीचा रंग तसाच, कारण हळद शिजवणं अर्ध्यावर सोडून आले. जऊळक्याचे तुझे साडू. मालेगावच्या बाजारातले तिघे भाजीवाले, ज्यांना तू दरवर्षी ग्रहणं सांगायचास. भजनी मंडळ, दोघे कमी. गावातली बाकी मंडळी, ती मोजली नाही. तुझ्या वाशीमच्या जुन्या छापखान्यातलं कोणी नाही. दोन नावं शोधली होती, एक वारलेले निघाले, दुसऱ्यांचा पत्ता लागला नाही. आणि मी, नंदा, तुझी भाची. यादी माझ्याकडे होती.

मामा, हजेरी आधी लिहिली, कारण तू पहिला प्रश्न हाच केला असतास. कोण आलं, कोण नाही आलं, आणि न येणाऱ्यानं कारण काय सांगितलं. कारणं मी लिहिली नाहीत. स्वयंपाक पुरला. बुंदी उरली, ती शाळेत पाठवली. भांडी मोजून परत गेली. एक झारा कमी भरला, तो मामीच्याच चुलीमागे सापडला. सगळं यादीप्रमाणे झालं. यादीबाहेर एकच गोष्ट घडली, आणि तिच्यासाठी मी आज लिहायला बसले आहे.

जेवणाआधी किसनआबा पारावर उभे राहिले. तुला माहीत आहे, उभे राहिले की ते लवकर बसत नाहीत. पण काल थोडक्यात आटोपलं. म्हणाले, "उत्तम गेला. त्याच्यासारखं पंचांग वाचणारा गावाले पुन्हा भेटणार नाई. पण आपल्या पूर्वजाइनं जे सांगून ठेवलं ते काई मरत नाई." आणि पुराव्यादाखल त्यांनी ती ओळ म्हटली. अर्धी त्यांनी, उरलेली अर्धी सगळ्या मांडवानं.

तुझी ओळ. तुझ्याच तेरवीला, पूर्वजांच्या नावावर.

मी पाण्याचा जग हातात घेऊन उभी होते. हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो फिरल्यावर मला खरंच रडू आलं.

ती ओळ मी इथे लिहिणार नाही. ज्यांना पाठ आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना नाही त्यांच्या तोंडी आणखी एकदा जायला नको. मतलब तेवढा लिहिते. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला समजायचा, आणि दरवर्षी वाहनं बदलतात. मृगाला म्हैस आली असेल तर रोपं बेधडक लावा, पाणी मागे येतंच, असं ती ओळ सांगते. ऐकायला गोड आहे. चार वर्षांचं पोरही एकदा ऐकून म्हणतं.

आपला वाद मिरचीपासून सुरू झाला. माझ्या धाकटीचं दहावीचं वर्ष होतं. मृगाला म्हैस होती. पहिली सर आली आणि अख्खं गाव ती ओळ म्हणत शेतात गेलं, मीही गेले. वाफ्यातली रोपं उपटली, सगळी लावली. विहिरीवरून पाइप टाकायचं काम माझ्या यादीत होतं, त्यावर मी स्वतःच्या हातानं काट मारली. मग तीन आठवडे आभाळ कोरडं. मी वाळलेली रोपं टोपल्यात भरून तुझ्या ओट्यावर आणली.

मामी म्हणाली, "आधी बस तं खरी. चहा मांडतो."

"चहा नको मले, जबाब पायजे. हे पाह्य मामा, तुह्या पंचांगाची म्हैस. पाणी तं आणलं नाई तिनं, माही मिरची खाऊन गेली. कोण्या शहाण्यानं लिहून ठेवलं गा हे? त्याच्या घरी शेती होती का नव्हती?"

तू टोपल्याशी वाकलास. एक रोप उचललंस, मुळाची माती झटकलीस.

"नव्हती," तू म्हणालास.

"काय नव्हती?"

"शेती. भाड्याच्या खोलीत राहे तो, वाशीमले. बावीस वर्साचा होता."

"कोण?"

"मी."

मामीच्या हातातली कपबशी वाजली.

मी आधी हसले. मग तू हसत नाहीस हे पाहिलं आणि टोपलं तुझ्या पायाशी उपडं केलं. "कायले केलं मामा असं? कायले?" आणि तू ती हकिकत सांगितलीस, जी तू गजाननलासुद्धा कधी सांगितली नाहीस.

वाशीमच्या छापखान्यात तू खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला होतास. मालक दरवर्षी एक लहानसं पंचांग काढायचे, आपल्या भागापुरतं. एका पानावर एक पंधरवडा, एका दिवसाला एक ओळ. पण एखादी तिथी गळते आणि पंधरवडा चौदा दिवसांचा होतो. मग पानावर एक ओळ रिकामी राहायची. ती भरायला मालकांकडे एक वही होती. पंचांग घ्यायला आलेला शेतकरी गल्ल्यापाशी उभा राहून गेल्या वर्षीच्या पंचांगाला नावं ठेवायचा, ठेवता ठेवता आपल्या आजाचं काहीतरी सांगून जायचा, मालक ते वहीत उतरवून घ्यायचे. काही ओळी जुन्या पंचांगांतून, काही दुसऱ्यांच्या पंचांगांतून. त्या वर्षी ज्येष्ठाचा दुसरा पंधरवडा चौदा दिवसांचा निघाला. मालक जेवायला गेलेले, वही कपाटात कुलूपबंद, मशीनवाला ओरडत होता. तू उभ्या उभ्या एक ओळ जुळवलीस.

"अन् म्हैसच काहून?" मी विचारलं.

"हत्ती टाकत होतो. हत्तीच्या जोडाक्षराचा खिळा तुटेल होता."

मामा, तेव्हापासून पारावर किसनआबा म्हैसच का याचा अर्थ समजावून सांगायला लागले की मला खोकल्याची उबळ यायची. म्हैस सावकाश चालते, म्हणून पाऊस सावकाश मुरतो. म्हैस पाण्यात बसली की उठत नाही, म्हणून पाऊस मुक्काम करतो. एकदा तर शेतीच्या मेळाव्यात एका साहेबांनी हाच अर्थ माइकवरून सांगितला आणि वर म्हणाले, आपल्या पूर्वजांचं निरीक्षण पाहा. तू माझ्या शेजारी बसला होतास. तू टोपी डोळ्यांवर ओढलीस.

मालकांनी पुढल्या वर्षी जुनं पान पाहूनच नवं पान लावलं. ओळ राहिली. नंतर ती दुसऱ्या पंचांगात गेली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरात. शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर लिहिली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती रंगानं आली, आणि आता सकाळी सकाळी फुलांच्या चित्राखाली मोबाइलवर येते. छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले. ओळ चालू आहे.

त्या दिवशी तू वाळलेली रोपं पुन्हा टोपल्यात भरलीस. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत माझ्या वाफ्यात येऊन बसलास आणि नवं बी टाकलंस. "उशिराची येईन. कमी येईन. पण येईन." आली. पहिला तोडा मी तुझ्या घरी पोचवला तेव्हा तू एक मिरची कच्चीच खाल्लीस, डोळ्यांत पाणी आलं तरी टाकली नाहीस.

आणि त्या वर्षापासून तू नोंद ठेवायला लागलास. मृगाला म्हैस आली त्या त्या वर्षीच्या पंचांगात, ज्येष्ठाच्या पानाच्या कडेला, बारीक अक्षरात: खरं. किंवा: खोटं. मागच्या वर्षांचंही आठवून, लोकांना विचारून लिहिलंस. माझी यादी करायची सवय तू कायम चेष्टेवारी न्यायचास ("नंदी देवाच्या दारातही वही घेऊनच जाईन"), पण तू ठेवलेली ती नोंद माझ्या कुठल्याही यादीपेक्षा सरळ होती. त्यात स्वतःची बाजू घेतलेली नव्हती.

मी म्हणायचे, "मंग सांग ना लोकाइले."

"सांगतो. या पाडव्याले सांगतो."

जोशीबुवा गाव सोडून गेल्यापासून पाडव्याला पारावर पंचांग तूच वाचत आलास. किती पाडवे गेले. मी बायकांच्या बाजूला बसायचे, तू पावसाच्या पानावर आलास की मान वर करायचे. तू माझ्याकडे पाहायचास, खाकरायचास. म्हैस असो नसो, तेवढ्यात कोणीतरी ओळ सुरू करायचं, सगळे एका सुरात पुरी करायचे, हसायचे. तू पान उलटायचास.

परत येताना आपलं भांडण. तू म्हणायचास, "त्याइचे चेहरे पाह्यले का व तू?"

"पाह्यले. माह्या मिरचीचेही पाह्यले."

"अर्ध्या वर्सी तं खरी ठरली न."

"नाणं फेकलं तरी अर्ध्या वेळा खरं ठरते, मामा."

"मंग नाण्यावर चीड न. माह्यावर काहून चिडून राह्यली?"

पण एकदा, मालेगावहून आपण बाजार करून येत होतो तेव्हा, एसटीच्या थांब्यावर तू नीट बोललास. त्या दिवशी वाद घालायचा नव्हता तुला, समजावून सांगायचं होतं. तू म्हणालास, अगदी जुन्या पंचांगांत ओळी नसतात, नुसत्या तिथी आणि घटका. ते वाचता येणारा गावात एक. बाकीचे ऐकणारे. ऐकणारा माणूस घरी जाताना तक्ता घेऊन जाऊ शकत नाही. "त्याच्या हातात काई तरी पायजे न घरी न्याले. आकडे वाचणाऱ्याचे, ओळ ऐकणाऱ्याची. म्हून आल्या त्या पानाच्या खाली."

"खोटी दिली तरी चालते?"

"तुले वाटते, लोक तिच्यावर भरोसा ठेवतात. तसं नाई. पाऊस येईन का नाई, कोणाले माहीत नाई, हे सगळ्याइले माहीत आहे. रोप तं लावाच लागते. एकट्यानं ठरवाले भेव वाटते. ओळ म्हणली का वाटते, आपल्या आधी कोणी तरी हेच केलं. सोबत होते."

"सोबत! अन् तो सोबती बावीस वर्साचा, वाशीमच्या खोलीत राहणारा!"

"हे त्याइले माहीत नाई, म्हून तं सोबत होते," तू म्हणालास, आणि एसटी आली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मिरचीनंतर पुन्हा एकदा म्हैस आली. त्या खेपेला मी पाइप टाकला, मोटर तपासली, सगळ्या कामांवर खुणा केल्या आणि मगच वाफ्यात उतरले. पहिलं रोप लावताना माझ्या तोंडून ती ओळ निघाली. ती कोणी केली, कुठे केली, हत्तीची म्हैस कशी झाली, सगळं माहीत असताना निघाली. पलीकडच्या ओळीत वाकलेल्या बाईनं मान वर न करता पुढची अर्धी म्हटली. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्या दिवशी मी निम्मा वाद हरले होते. तुला सांगितलं असतं तर वर्षभर चिडवलं असतंस, म्हणून नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

निम्माच हरले, हेही लिहून ठेवते. कारण मी पाइप टाकलेला होता.

नवव्या दिवशी गजानन तेरवीच्या फ्लेक्सचा नमुना घेऊन आला. रिसोडला त्याचं दुकान चांगलं चालतं आहे. लग्न, वाढदिवस, निधन, सगळ्यांचे फ्लेक्स तोच करतो. मोबाइलवर दाखवलं. तुझा फोटो, नाव, तिथी. आणि खाली, सोनेरी रंगात, ती ओळ. तिच्याखाली बारीक अक्षरात: जुनी म्हण.

"ओळ काढ," मी म्हणाले.

"काहून ताई? बाबाले आवडे न. पाडव्याले म्हणत जाये."

"तो नाई म्हणे. लोक म्हणत." मग म्हटलं, "जागा कमी आहे. फोटो मोठा कर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "जागा तं भरपूर आहे. जागा उरते म्हून तं टाकली. आमच्या धंद्यात असंच असते, खाली मोकळं दिसलं का टाकून द्याची एखांदी ओळ."

मामा, मला त्या क्षणी त्याला सगळं सांगायचं होतं. तू सांगितलं नव्हतंस. त्याला वाटतं, बाबा आधी छापखान्यात नोकर होते, मग शेती केली, आणि मागे ठेवली ती जुन्या पंचांगांची ट्रंक. ती ट्रंक रद्दीत घालू का, असं त्यानं मामीला विचारलंही होतं. मी पुन्हा म्हटलं, फोटो मोठा कर. त्यानं ओळ काढली, फोटो मोठा केला. तुझा कान जरा कापला गेला आहे.

काल जेवणं झाल्यावर मी किसनआबांना सुपारी देता देता विचारलं, "आबा, ती ओळ तुमाले कोणी सांगतली?"

"माह्या बापानं. कोण सांगीन मंग?"

"खरंच बापानं?"

"खोटं कायले बोलू? एवढासा होतो मी. वावराच्या धुऱ्यावर बसलो होतो दोघं, आभाळ भरून आलं होतं. बापानं माह्या डोक्यावर हात ठेवला अन् सांगतलं. आजही आठवते तो हात."

मी हिशोब लावला. आबांचा बाप वारला तेव्हा तू शाळेत होतास. छापखाना पुढे, ओळ त्याच्याही पुढे. पण आबा खोटं बोलत नव्हते, मामा. त्यांचे डोळे भरले होते. ओळीला बाप लागतो, म्हणून त्यांनी आपला दिला. किंवा मग दुसरं: तूच ती लहानपणी कुठेतरी, कोणाच्या तरी धुऱ्यावर ऐकली होतीस, आणि घाईच्या वेळी ती तुझ्या हातात आली, आणि जन्मभर तू दोष मात्र स्वतःकडे घेतलास. हे तुला सांगायला मी काल तुझ्या खोलीकडे वळले होते. उंबऱ्यापाशी आठवलं. याचा निकाल आता लागणार नाही. मी तो यादीतून काढला.

वैशालीचं मात्र काढता येत नाही. तिनं यंदा पहिल्यांदा मिरची धरायचं ठरवलं आहे. भाजीपाल्यात ती नवी. सासरी सगळी सोयाबीन आणि तूर. नवरा म्हणतो, एक वर्ष देतो, जमलं तर जमलं, नाही तर पुन्हा सोयाबीन. काल पत्रावळी उचलताना माझ्यापाशी आली. वाफे कधी टाकू, किती टाकू, सगळं विचारलं. मी सांगत गेले. ठिबकाचं काढलं तर म्हणाली, "ते पुढच्या वर्सी पाहू काकू. यंदा कायले? मृगाले म्हैस आहे न."

"तुले कोणी सांगतलं?"

"तुमच्या मामाजीनंच. थंडीत नवं पंचांग आणलं होतं त्याइनं, मी विचारलं, यंदा कोण आहे? त्याइनं पाह्यलं, म्हणले, म्हैस. मंग गप्प झाले."

"अन् म्हैस आली नाई तं?"

"काकू, जुने लोक काय वेडे होते का?" ती हसली आणि पत्रावळी घेऊन गेली.

तू गप्प झालास. मला ते गप्प होणं दिसतं. या पाडव्याला तू खरंच सांगणार होतास, असं मी धरून चालते. पुरावा नाही, पण धरून चालते.

मग पाडव्याचं निघालं. पंचांग आता कोण वाचणार? गजानन म्हणाला, मला त्या घटका-पळं काही कळत नाहीत. भजनी मंडळातल्या एकानं, बाहेरून कोणाला बोलावू, असं सुचवलं. किसनआबा म्हणाले, "मामाचं पंचांग भाचीनं वाचाव. हिशोबाची पक्की आहे ती." कोणीतरी पुटपुटलं, बाई माणूस, पारावर. आबांनी काठी आपटली. "बाईमाणसाच्या हातचं जेवून उठला न आत्ता? मंग!" मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

दुपारी मामीजवळ बसले आणि सांगितलं, मी पाडव्याला सगळं सांगणार आहे. ओळ कोणी केली, कशी केली, आणि पंचांगाच्या कडेला काय लिहिलं आहे.

मामीनं सुपातल्या तांदळातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "मेल्या माणसाले खोटा पाडशीन?"

"खोटा नाई पाडत मामी. त्यानं लिहून ठेवलं ते वाचतो."

"लोक म्हणतीन, उत्तमनं फसवलं आपल्याले. एवढे वर्स पारावर बसून. तू हिशोबी आहे, तुले समजत नाई. त्याइले तो आवडे."

"वैशालीची मिरची जळाली, मंग आवडीन का?"

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं, संपलं. मी तिला सांगितलं की तिनं नाही म्हटलं तरी मी सांगणार आहे. आवाज चढला माझा, तेराव्या दिवशी, तिच्याच घरात. त्याची मला लाज वाटते, निर्णयाची नाही.

मामीनं सूप खाली ठेवलं. "मिरचीच्या वर्सी त्यानं दोन दिवस जेवण सोडलं होतं, तुले माहीत आहे का? नाई माहीत. तुले सांगू नको म्हणला होता." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "सांग. पण आधी पोराले सांग. गजाननले त्याचा बाप पारावर, चार लोकाइत नाई समजला पायजे."

हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं, मामा. पाच दिवसांपूर्वी तो माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला फोटो मोठा कर म्हणाले.

आता काय झालं आणि काय राहिलं ते लिहिते.

ट्रंकेतली पंचांगं वर्षांप्रमाणे लावली. दोन वर्षांची नाहीत. कुठे गेली ते मामीला माहीत नाही. कडेच्या नोंदी एका कागदावर उतरवल्या, खरं आणि खोटं दोन्ही, तुझ्याच शब्दांत. ते पहिलं पान, चौदा दिवसांचं, सापडलं. कागद पिवळा पडला आहे, पण ओळ ठळक उठली आहे, शेवटचं अक्षर जरासं वर सरकलेलं. घाईत जुळवलेलं दिसतं.

वैशालीला आज सकाळी शेतावर बोलावलं आणि माझा पाइप कसा टाकला आहे तो दाखवला. ओळीबद्दल काही बोलले नाही. ते सगळ्यांसोबत ऐकेल. तिनं लांबी पावलांनी मोजली. एवढ्यावर मी समाधानी नाही, पण सुरुवात आहे.

पारावर काय बोलायचं ते लिहून काढलं. नऊ वाक्यं झाली. तुझा छापखाना, तो पंधरवडा, तुटलेला खिळा, तुझ्या नोंदी. आबांच्या बापाबद्दल एक शब्दही नाही. तो हात त्यांचा त्यांच्यापाशी राहू दे. शेवटी असं म्हणणार आहे: ही ओळ उत्तममामाची आहे, ज्याला म्हणायची त्यानं खुशाल म्हणावी, मीही म्हणते, पण आधी पाण्याची सोय करावी. लोक चिडले तर चिडतील. आबा महिनाभर बोलणार नाहीत, मग बोलतील. तू जे इतके पाडवे करू शकला नाहीस ते मी तुझ्यापेक्षा धीट आहे म्हणून करणार नाही. तुला त्यांचे चेहरे दिसायचे. मी वर मान न करता कागदावरून वाचणार आहे.

पाडव्याला महिना उरला आहे.

गजाननचं राहिलं. आज सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला. एकदा त्यानंच उचलून "बोल ताई" म्हटलं, मागे मशीनचा आवाज येत होता, आणि मी तेरवीच्या भांड्यांचं काहीतरी विचारून ठेवून दिला. फोनवर सांगण्यासारखं नाही. पहिलं पान पिशवीत घालून रिसोडला जायचं, त्याला दुकानातून बाहेर काढायचं, कुठेतरी बसवायचं आणि ते पान त्याच्या हातात द्यायचं. पुढे काय बोलायचं, ते वाक्य अजून झालेलं नाही.